वेधशाळा, वृत्तपत्र आणि देवघर

विज्ञान शिकलेला मनुष्य देव मानीत नाही आणि वृत्तपत्र चालविणारा मनुष्य कशावरच विश्वास ठेवीत नाही, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून पुष्कळ दिवस चालत आलेली आहे. मुलगा विज्ञानशाखेकडे जाऊ लागला की आजीला देवपूजेची काळजी वाटते, आणि पुतण्या वृत्तपत्रात नोकरीस लागला की काकांना त्याच्या आचारविचारांची. ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. अमेरिकेत जेम्स ल्यूबा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१४ साली सुमारे एक हजार शास्त्रज्ञांना प्रश्नपत्रिका पाठवून ती पारखून पाहिली. प्रार्थना ऐकणाऱ्या आणि तिला उत्तर देणाऱ्या ईश्वरावर तुमचा विश्वास आहे काय, असा त्याचा प्रश्न होता. शंभरांतील सुमारे ४२ जणांनी ‘आहे’ असे कळविले. ज्ञान जसजसे पसरेल तसतशी ही संख्या घटत जाईल असा ल्यूबाचा तर्क होता. त्यानंतर ब्याऐंशी वर्षांनी, १९९६ साली, दुसऱ्या दोघा अभ्यासकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा ‘आहे’ म्हणणारे शंभरांत सुमारे ३९ निघाले; म्हणजे एवढ्या काळात फरक पडला तो थोडकाच. उलट, तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या निवडक सभासदांना १९९८ साली हाच प्रश्न टाकला, तेव्हा होकार देणारे शंभरांत ७ च भरले. वृत्तपत्रकारांचीही अशीच विचारपूस झालेली आहे. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या वृत्तसंस्थांतील पत्रकारांना विचारता त्यांतील निम्म्यांनी आपण कोणत्याही धर्मपंथाचे नाही असे सांगितले होते.

हे आकडे कुतूहल वाढविणारे आहेत. पण त्यांवरून आपल्याकडच्या स्थितीचा उलगडा होत नाही. प्रार्थनेला उत्तर देणारा ईश्वर हा ख्रिस्ती घरातला प्रश्न आहे. अद्वैत मानणारा एखादा शास्त्री ह्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देईल आणि तरीही त्याला कोणी नास्तिक म्हणणार नाही. आपल्या समाजाने माणसाची पारख केली ती त्याच्या मतांवरून नव्हे, आचारावरून. तू काय मानतोस, हे येथे फारसे कोणी विचारले नाही. तू कोणाच्या पंक्तीला जेवलास, श्राद्ध केलेस की नाही, विधवा बहिणीचे काय केलेस, हे मात्र कसून विचारले. म्हणून महाराष्ट्रातील शास्त्रज्ञांच्या आणि संपादकांच्या धर्मश्रद्धेचा इतिहास पाहावयाचा तर प्रश्नपत्रिका उपयोगी नाही. त्यांच्या आयुष्यात जे प्रसंग आले आणि त्या प्रसंगी ते जसे वागले, तेच तपासले पाहिजे. योगायोग असा की, विज्ञान आणि वृत्तपत्र ह्या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात एकाच माणसाच्या हातून रुजल्या. त्यामुळे हा इतिहास त्याच्यापासूनच सुरू होतो.

बाळशास्त्री जांभेकर हे कोकणातील पोंभुर्ले गावचे. १८१२ साली जन्मलेला हा मनुष्य १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, वारला. तेवढ्या अवधीत त्यांनी केलेले काम पाहिले म्हणजे मन थक्क होते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र काढले. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर असे. पुढे ते एल्फिन्स्टन विद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकवू लागले. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही काही काळ त्यांच्याकडे होते. १८४० साली ‘दर्पण’ बंद पडले, त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान असे विषय मराठी वाचकांपुढे मांडण्यास आरंभ केला. दिवसा विद्यार्थ्यांना शून्यलब्धिगणित शिकवावे आणि रात्री मुद्रिते तपासावीत, असा हा व्यवसाय होता. त्याच हाताने त्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरीची शिळाछापाची आवृत्ती प्रसिद्ध केली. छापलेली ज्ञानेश्वरी महाराष्ट्राने पाहिली ती तेव्हा प्रथम. ग्रहांची गती मोजणे आणि ज्ञानेश्वरी शुद्ध करून छापणे ह्या दोन गोष्टींत बाळशास्त्र्यांना विरोध दिसला नाही.

तथापि त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी ग्रंथांत लागली नाही. ती एका लहान मुलाच्या निमित्ताने लागली. त्या काळी मुंबईत ख्रिस्ती मिशनऱ्यांचे काम जोरात होते. १८३१ साली डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर ह्यांचा जाहीर वाद झाला होता. १८३९ साली दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे सगळे शहर ढवळून निघाले होते. १८४३ साली नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. बापाने न्यायालयात दाद मागितली. मुलगा अल्पवयी म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. येथपर्यंत सर्व हिंदू समाज एका बाजूला होता. परंतु मुलगा घरी आल्यावर नवाच प्रश्न उभा राहिला. तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. आता त्याला पंक्तीला घ्यावयाचे कसे?

धर्म सोडला नसताना, अजाण वयात घडलेल्या अन्नदोषासाठी एक मूल जन्मभर समाजाबाहेर राहणार होते. बाळशास्त्र्यांनी येथे जो पवित्रा घेतला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. जातिनिर्बंध खोटे आहेत, ते झुगारून द्या, असे त्यांनी म्हटले नाही. शास्त्रात प्रायश्चित्त सांगितले आहे, ते देऊन मुलाला परत घ्या, असे ते म्हणाले आणि त्यासाठी त्यांनी जिवापाड खटपट केली. सनातनी मंडळी खवळली. मुलाला जवळ करणारे तेही बहिष्कृत, असा पुकारा झाला आणि समाजात दोन तट पडले. ज्या गृहस्थाने मराठी भाषेला वृत्तपत्र आणि विज्ञान दिले, त्याला आपल्याच ज्ञातीत तोंड चुकवून वावरण्याची पाळी आली. त्यांच्या बाजूने शास्त्रवचने होती, विद्वत्ता होती, सरकारदरबारी मान होता. पण पंक्तीत पान मांडण्याचा अधिकार ह्यांपैकी कशानेच मिळत नव्हता. पुढील शंभर वर्षे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपाने पुन्हा पुन्हा येणार होता.

बाळशास्त्र्यांच्या पुढची पिढी ह्या अनुभवाने सावध झाली. १८४१ साली निघालेल्या ‘प्रभाकर’ पत्रात भाऊ महाजनांनी १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे छापली. त्यांत भटभिक्षुकांवर कडक टीका होती. पण लेखकाचे खरे नाव नव्हते. १८४९ साली दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा स्थापिली. जातिभेद मोडावा आणि एकच ईश्वर मानावा हे तिचे ध्येय. मात्र तिच्या बैठका गुप्तपणे भरत. सभासदांची यादी बाहेर फुटली तेव्हा, १८६० च्या सुमारास, ती सभा विस्कळीत झाली. विचार पालटला होता, पण तो बोलून दाखविण्याचे धैर्य अद्याप आले नव्हते. १८६७ साली प्रार्थनासमाज निघाला तो उघडपणे. परंतु त्याचे बहुतेक सभासद घरी जातीचे आचार पाळूनच होते.

ह्या सुमारास वेधशाळेच्या बाजूने एक वेगळाच वाद वाढत होता, आणि तो सर्वस्वी आपल्या पद्धतीचा होता. युरोपात ज्योतिषशास्त्र आणि धर्म ह्यांचा कलह पेटला तो पृथ्वी फिरते की सूर्य फिरतो ह्यावरून. महाराष्ट्रात त्यावरून कोणाची झोप उडाली नाही. येथे भांडण झाले ते पंचांगावरून. बाळशास्त्र्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी कोवळ्या वयात कुलाब्याच्या वेधशाळेत आकाशाचे वेध घेण्याचे शिक्षण मिळविले होते. प्रचलित पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ ह्या १५२० सालच्या ग्रंथावरून केलेली असत. त्यावरून काढलेली ग्रहस्थाने आणि प्रत्यक्ष आकाश ह्यांत अंतर पडत चालले होते. केरूनानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ च्या सुमारास आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शुद्ध पंचांग छापण्यास आरंभ केला. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

हा वाद नीट कळण्यासाठी थोडा हिशोब पाहिला पाहिजे. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे १२ १/२ मिनिटांचे आहे. ऋतू ज्याच्यावर अवलंबून आहेत ते सायन वर्ष ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४८ ३/४ मिनिटांचे. दोहोंत दर वर्षी जवळजवळ २४ मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे साठ वर्षांत एक दिवस आणि सुमारे अठराशे वर्षांत एक महिना. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. आपण मात्र मकरसंक्रांतीचे तिळगूळ वाटतो ते १४ जानेवारीच्या आसपास. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी ह्याच कारणासाठी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. त्यांचा युक्तिवाद नास्तिकाचा नव्हता. वेदांतील यज्ञकर्मे ऋतूंना बांधलेली आहेत. वसंतातले कर्म ग्रीष्मात केले तर ते वेदविहित कसे, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे धर्म पाळावयाचा म्हणूनच गणित शुद्ध पाहिजे, ही त्यांची भूमिका. त्याला सनातन पक्षाचे उत्तरही सर्वस्वी अडाणीपणाचे नव्हते. पूर्वजांनी ज्या दिवशी एकादशी केली त्या परंपरेने आम्ही करतो. आकाश तपासून उपास करण्याचा आमचा संकल्प नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दीक्षितांसारखा मनुष्य ह्या वादातून निर्माण व्हावा हे त्याचे मोठेच फळ म्हटले पाहिजे. कोकणातील मुरूड येथे १८५३ साली जन्मलेला हा साधा शिक्षक. शाळा सांभाळून त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला आणि तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. कृत्तिका ठीक पूर्वेस उगवतात ह्या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी तीन हजार वर्षांच्या सुमारास नेला. वेदाबद्दलची निष्ठा आणि गणिताबद्दलची निष्ठा ह्या दोन्ही त्यांच्या ठिकाणी सारख्याच उत्कट होत्या. पंचांगाचा वाद मात्र संपला नाही. टिळकांच्या पुढाकाराने १९०४ साली मुंबईस ज्योतिषपरिषद भरली. त्यातून पुढे आलेल्या टिळक पंचांगाप्रमाणे संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि अधिक मासाच्या फरकामुळे कधीकधी दिवाळीही शेजारच्या घराच्या आधी किंवा नंतर येते. स्वातंत्र्यानंतर पंचांगसुधारणेसाठी सरकारने समिती नेमली तिचे अध्यक्षपद मेघनाद साहा ह्यांच्याकडे होते. साहा हे जगप्रसिद्ध पदार्थशास्त्रज्ञ, १९३५ पासून ‘सायन्स अँड कल्चर’ ह्या नियतकालिकाचे प्रवर्तक आणि वृत्तीने पक्के नास्तिक. १९५५ साली त्यांच्या समितीने आपला अहवाल दिला. राष्ट्रीय दिनदर्शिका सायन ठेवण्यात आली आणि ती २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली. धार्मिक सणांसाठी मात्र समितीने निरयन गणनाच कायम केली. देव न मानणाऱ्या शास्त्रज्ञाने भाविकांच्या एकादशीचा हिशोब चोख करून द्यावा, हे ह्या इतिहासातले एक गोड प्रकरण आहे.

आता वृत्तपत्राकडे वळले पाहिजे. वेधशाळेत बसणाऱ्याला आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा मनात ठेवता येत होती. संपादकाला ती सोय नव्हती. दर आठवड्यास वाचकांपुढे उभे राहणाऱ्याला, तू कोणत्या बाजूचा, हा प्रश्न चुकविता येत नसे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे देण्यात आली. चाळीसहून अधिक प्रतिष्ठित गृहस्थ तेथे होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि ‘केसरी’शी निगडित असलेले बाळ गंगाधर टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातात धरला. ही गोष्ट चार भिंतींत राहिली असती. परंतु गोपाळ विनायक जोशी ह्यांनी सर्वांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून टाकली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्ञातीचा बहिष्कार पूर्वी गावच्या पारावर ठरत असे. आता तो छापखान्यात ठरू लागला. वृत्तपत्राने श्रद्धेला स्वातंत्र्य दिले असे आपण समजतो. पण वृत्तपत्राने श्रद्धेची झडतीही घेतली, हे ह्या प्रकरणावरून दिसते.

टिळकांनी येथे शास्त्रार्थाची वाट धरली. दोष घडला असेल तर त्याला प्रायश्चित्त आहे आणि ते घेतल्यावर मनुष्य शुद्ध आहे, हे त्यांचे म्हणणे. बाळशास्त्र्यांनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी एका मुलासाठी जे मागितले, तेच हे. तरीही पुढे काही काळ त्यांच्या घरी धर्मकार्यास भिक्षुक मिळण्याची पंचाईत पडली. रानड्यांनीही १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्यांच्यासारख्या ईश्वरनिष्ठ आणि उदार पुरुषाने हे करावे, हे अनेक तरुण सुधारकांना रुचले नाही. परंतु त्यांच्याबरोबर अडचणीत आलेल्या इतर कुटुंबांची कोंडी सुटावी, हाही विचार त्यामागे होता. आचारासाठी मत झाकावे की मतासाठी घरच्यांना त्रासात लोटावे, हा पेच सोपा नव्हता.

गोपाळ गणेश आगरकरांनी तो पेच दुसऱ्या रीतीने सोडविला. आगरकर आणि टिळक हे दोघेही १८५६ सालचे. डेक्कन कॉलेजात दोघांची मैत्री जडली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणातील अब्रूनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. ह्या जिवलग मित्रांत पुढे फाटाफूट झाली ती राजनिष्ठेवरून नव्हे आणि पैशावरूनही नव्हे. समाजसुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, आणि सुधारणेला आधार शास्त्राचा घ्यावा की बुद्धीचा, ह्यावरून ती झाली. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला.

आगरकरांच्या मनावर मिल्ल आणि स्पेन्सर ह्यांची छाप होती. देवतांची कल्पना माणसाच्या मनात कशी उद्भवली असावी ह्याची त्यांनी निर्भीडपणे चिकित्सा केली. स्वप्ने, भीती, मृत पूर्वजांचे स्मरण ह्यांतून देव निर्माण झाले, असा त्यांचा रोख होता. विश्वाच्या मुळाशी काय आहे हे मनुष्याला कळणे शक्य नाही. तेव्हा जे कळते त्यावर, म्हणजे माणसाच्या सुखदुःखावर, आचार उभारावा, हे त्यांच्या अज्ञेयवादाचे सार. म्हणून विधवेचे केशवपन अधर्म्य आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी पोथी उघडली नाही; त्या मुलीला यातना होतात हे त्यांना पुरेसे होते. ह्याचे मोल त्यांनी दिले. ते जिवंत असताना पुण्याच्या रस्त्यातून त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९२ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही गाठण्यापूर्वी, दम्याच्या विकाराने खचून वारले. आपल्या अंत्यविधीसाठी कोणावर भार नको म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

ह्या कठोर बुद्धिवाद्याच्या घरी देव्हारा होता. पत्नी यशोदाबाई आपले देवधर्म पाळीत आणि आगरकर त्याला आडकाठी करीत नसत. काहींना ह्यात विसंगती वाटते. वस्तुतः त्यांच्या मताशी हे पूर्ण जुळणारे होते. ज्याने बाहेर व्यक्तीच्या स्वातंत्र्यासाठी झुंज मांडली, त्याने घरात जबरदस्तीने देव काढून टाकले असते तरच ती विसंगती झाली असती.

टिळकांचा मार्ग ह्याच्या उलट दिशेने गेला. ते केरूनाना छत्र्यांचे विद्यार्थी. गणित हा त्यांचा आवडता विषय. त्याच गणिताच्या बळावर त्यांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता त्या काळाचे स्मरण वेदांत आहे, तेव्हा वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्याही मागे जातो, असे त्यांनी प्रतिपादिले. जर्मनीत याकोबी ह्यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच स्वरूपाचा सिद्धान्त मांडला होता. १९०३ सालच्या दुसऱ्या ग्रंथात टिळकांनी भूगर्भशास्त्राचा आधार घेऊन आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे नेले; तो तर्क आज विद्वानांत मान्य नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात सांख्यांच्या सृष्टिक्रमाची डार्विन आणि हेकेल ह्यांच्या उत्क्रांतिवादाशी तुलना आहे. विज्ञान हे श्रद्धेचे शत्रू आहे असे टिळकांना कधी वाटले नाही. ते त्यांना साक्षीदारासारखे वाटले. मात्र साक्षीदार बोलावणाऱ्याने त्याची साक्ष आपल्या सोयीची निघेल एवढेच गृहीत धरून चालत नाही, हे ध्रुवाच्या उदाहरणावरून दिसते.

हा सगळा वाद पुण्यातल्या पांढरपेशा घरांतच चालला होता, असे समजणे चुकीचे होईल. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला आणि १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ पत्र काढले. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालविले. ह्या मंडळींचा देवावर विश्वास होता. निर्मीक ह्या नावाने ते त्याला ओळखीत. त्यांचा आक्षेप होता तो देव आणि भक्त ह्यांच्यामध्ये बसलेल्या मध्यस्थावर. चहाच्या पेल्यावरून पुण्यात खल चालला असता, ज्यांना त्या पंक्तीत मुळी पानच नव्हते त्यांनी लग्न लावण्यास भिक्षुक कशाला पाहिजे असा प्रश्न केला, आणि तसे विवाह लावून दाखविले.

आगरकर प्राचार्य असताना फर्ग्युसन महाविद्यालयात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकत होते. १८९९ साली ते केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. परत येऊन १९०२ पासून त्यांनी फर्ग्युसनचे प्राचार्यपद सांभाळले. आगरकरांनी जे मत अपमान सोसून मांडले, ते परांजप्यांनी निवांतपणे मांडले. त्यांना प्रेतयात्रा पाहावी लागली नाही. १९४९ साली मद्रास येथे भारतीय बुद्धिवादी संघ निघाला तेव्हा ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. टिळक गणिताचे, परांजपेही गणिताचेच. एकाला त्या गणितातून वेदांची प्राचीनता दिसली, दुसऱ्याला वेदांची गरज वाटली नाही. दोष किंवा श्रेय गणिताचे नव्हे, हे उघड आहे.

परांजप्यांच्याच आप्तांपैकी रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईस विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. संततिनियमनाच्या प्रचारासाठी १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालविले. देव, धर्म, विवाह, नीती ह्या सर्वांना त्यांनी एकच कसोटी लावली, ती बुद्धीची. त्यांच्यावर १९३१ आणि १९३४ साली अश्लीलतेचे खटले झाले. दुसऱ्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळशास्त्र्यांप्रमाणेच कर्वेही गणिताचे अध्यापक आणि पत्राचे संपादक. पण बाळशास्त्र्यांना ज्ञातीने बाहेर ठेवले, तर कर्व्यांना कायद्याच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. शंभर वर्षांत पंक्तीचा धाक कमी झाला होता, लोकमताचा नव्हता.

‘दर्पण’ पासून ‘समाजस्वास्थ्य’ पर्यंतची ही एकशे एकवीस वर्षे नजरेखालून घातली म्हणजे आरंभीच्या समजुतीचे काय उरते? विज्ञान शिकून कोणी ज्ञानेश्वरी छापली, कोणी एकादशी शुद्ध केली, कोणी वेदांचा काळ मागे नेला, आणि कोणी देवाची गरज नाही असे सांगितले. विज्ञानाने ह्यांपैकी कोणालाही एकाच वाटेने ढकलले नाही. विज्ञानाने त्यांना दिली ती एक सवय: जे म्हणावयाचे त्याला पुरावा द्यावयाचा. वृत्तपत्राने दिली ती दुसरी: जे म्हणावयाचे ते चारचौघांत, स्वतःच्या नावाने म्हणावयाचे. ह्या दोन सवयी एकत्र आल्या तेव्हा श्रद्धाळू आणि अश्रद्ध ह्या दोघांनाही आपल्या मताची जबाबदारी घेणे भाग पडले. पूर्वी आचार पाळला की मत कोणी विचारीत नसे. आता मत सांगितल्यावाचून आचारही टिकेना.

म्हणून ह्या माणसांची वाटणी आस्तिक आणि नास्तिक अशी करण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्यातील खरा भेद वेगळ्या ठिकाणी आहे. श्रीपत शेषाद्रीला पंक्तीत घ्या म्हणणारे श्रद्धाळू बाळशास्त्री आणि विधवेचे केशवपन थांबवा म्हणणारे अज्ञेयवादी आगरकर हे एका बाजूला आहेत. त्या मुलाला दूर लोटणारे आणि आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे दुसऱ्या बाजूला आहेत. एकाने पोथीतून वचन काढले, दुसऱ्याने पोथी मिटून ठेवली. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे होते ते एक दुःखी मूल, आणि दोघांनीही त्यासाठी स्वतःचे स्वास्थ्य पणाला लावले. घरातला मुलगा वेधशाळेत गेला किंवा वृत्तपत्रात गेला तर तो देवाला नमस्कार करील की नाही, हे कोणालाच आधी सांगता येणार नाही. परंतु दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळी तो कोणत्या बाजूला उभा राहील, ह्याची चिंता मात्र घराने अवश्य करावी. कारण इतिहासाने ह्या सर्व पुरुषांची पारख शेवटी त्याच एका गोष्टीवरून केली आहे.